आमच्या घरचा कंदील

आमच्या घरात टीव्ही एक आहे आणि रिमोट पाच. पाहुण्यांना हा हिशेब कळत नाही. आम्हालाही कळत नाही, पण आम्ही तो मान्य केला आहे. एक टीव्हीचा, एक डिशच्या डब्याचा, एक साउंडबारचा आणि एक चिरंजीवांनी मागच्या दिवाळीत टीव्हीच्या पाठीत खुपसलेल्या काडीचा. पाचवा कशाचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तो दोनदा भंगारात काढला आणि वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, दोनदा परत आणून टीव्हीखाली ठेवला. अण्णांचा जन्म रेल्वेत गेला. कुठलाही खटका निरुपयोगी असतो, हे त्यांना पटतच नाही. "कुठल्या तरी सांध्याचा असेल. आज ना उद्या गाडी येईल," एवढंच म्हणतात.

मुंबई-पुणे करणाऱ्यांचा असा समज असतो की गाडी आमच्या कर्जतला वड्यासाठी थांबते. गाडी थांबते ती बँकरसाठी. भोर घाटाचा चढ ३७ ला १. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हाही तेवढाच होता आणि आजही तेवढाच आहे. पुढच्या इंजिनाच्या एकट्याच्या जिवावर गाडी वर जात नाही, म्हणून कर्जतला तिच्या मागे जादा इंजिनं लावतात आणि ती ढकलत तिला लोणावळ्याकडे चढवतात. हे बँकर जोडण्या-सोडण्यातच अण्णांचं आयुष्य गेलं. २०२३ पासून वंदे भारत बँकर न घेता घाट चढू लागली, हे त्यांनी अजून मनाला लावून घेतलंय. ती गाडी गेली की ते तिच्याकडे बघत नाहीत.

आमच्या घरातलं एकही यंत्र मात्र वंदे भारत नाही. प्रत्येकाला बँकर लागतो. पुढे मी आणि मागून पुण्याहून फोनवर ढकलणारा मुलगा.

"बाबा, आधी सोर्स बदला."

"कसला सोर्स?"

"टीव्हीचा. रिमोटवर लिहिलंय बघा."

मागून अण्णा म्हणतात, "सोर्स लावून आमच्या वेळी बदली व्हायची. आता टीव्ही लागायलाही सोर्स लागतो?"

पूर्वी मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला यायचा. आता मुलाचं यंत्र बापाला येतं. मुलाने नवा फोन घेतला की जुना मला, माझा जुना हिला, हिचा जुना अण्णांना आणि अण्णांचा जुना कपाटाच्या खालच्या कप्प्यात, चार्जरांच्या जाळ्यात. "बाबा, तुमचं मॉडेल आता जुनं झालं" हे वाक्य तर मी दर सहा महिन्यांनी ऐकतो. कर्जतच्या माणसाला याचं नवल वाटायला नको. आमच्या भात संशोधन केंद्राने भाताच्या वाणांना कर्जत-३, कर्जत-७ अशी मोबाइलसारखी नावं दिली, तीही मोबाइल खिशात यायच्या आधीपासून. पण कर्जत-७ आलं म्हणून कुणी घरातलं कर्जत-३ खालच्या कप्प्यात टाकलं नाही. शिजवून खाल्लं.

याच वारसाहक्काने घरात ई-पुस्तकांचं यंत्र आलं. मुलाने स्वतःला नवं घेतलं आणि जुनं माझ्या हातात ठेवलं. आईने विचारलं, "काय रे ते?"

"आजी, हे किंडल."

"कंदील? मग यात रॉकेल कुठे घालायचं?"

तेव्हापासून आमच्या घरात त्याला कंदील म्हणतात. पुढे कळलं की आई फार चुकीचं बोलली नव्हती. कंदिलाला जसं संध्याकाळी एकदा तेल घातलं की रात्रीची चिंता मिटे, तसं याला एकदा चार्ज केलं की दोन-तीन आठवडे कुणी विचारत नाही. घरातली बाकी यंत्रं तान्ह्या पोरासारखी दर चार तासांनी भुकेने रडतात.

अण्णांना कुठलंही यंत्र आतून कळल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांना मी समजावलं की पडद्यात केसाएवढ्या बारीक कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण असतात. एकाला धन भार, दुसऱ्याला ऋण. मागून वीज दिली की कुठे काळे वर येतात, कुठे पांढरे, आणि त्यातून अक्षर उमटतं. उमटलं की मग वीज बंद. पान उलटेपर्यंत काही खर्च नाही. अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या जुन्या सिग्नलच्या हातासारखं. तार ओढली की हात पडायचा. पडला की पडला. त्याला धरून बसायला लागत नसे." इलेक्ट्रॉनिक शाईबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण ती मला समजली त्या दिवशी.

ही शाई अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेतून निघाली. ॲमेझॉनने किंडल बाजारात आणलं २००७ च्या नोव्हेंबरात, आणि त्यावर मराठी पुस्तकांचं दुकान उघडलं डिसेंबर २०१६ मध्ये. मधली नऊ वर्षं मराठी वाचक काय करत होता? संगणकावर पीडीएफ वाचत होता. ठाण्याचं ई साहित्य प्रतिष्ठान २००८ पासून मराठी पुस्तकं फुकट वाटत होतं आणि आमच्या ऑफिसातले लोक जेवणाच्या सुट्टीत ती उतरवून घेत होते. तशा फायली कंदिलात घातल्या की मात्र अक्षर मुंगीएवढं होई. आणखी कुठून कुठून मिळालेल्या फायलींत जोडाक्षरं फुटलेली असत. 'स्त्री' या शब्दाचे तीन तुकडे होऊन तीन ओळींवर पडलेले मी पाहिले आहेत. एका ऐतिहासिक कादंबरीत 'म्लेंच्छ' कधी धड आलाच नाही. त्यामुळे लढाई कुणाशी चालली आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

नोकरीची शेवटची चार वर्षं मी कंदील घेऊन कर्जत लोकलने गेलो. कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर, दोन तास, आणि परतीचे दोन. वाचणाऱ्याला याहून चांगली अभ्यासिका नाही. पण आमच्या डब्यात वाचन ही कधीच खासगी गोष्ट नव्हती. कागदाचं पुस्तक उघडलं की समोरचा मान वाकडी करून मुखपृष्ठ वाचायचा, शेजारचा पान वाचायचा, आणि दारातला भजनीबुवा टाळ थांबवून विचारायचा, "संपलं की द्या." वर्तमानपत्र तर नेरळ येईपर्यंत चार जणांत वाटलं जाई. पहिलं पान एकाकडे, क्रीडा दुसऱ्याकडे, पुरवणी खिडकीशी. कोण कुठल्या विचारांचा, कुणाची मुलगी लग्नाची, कोण स्पर्धा परीक्षेला बसलाय, हे सगळं हातातल्या कागदावरून कळायचं.

कंदील निघाला आणि डबा अस्वस्थ झाला. त्याला मुखपृष्ठच नाही. बाहेरून कायम तीच काळी पाठ. मी संत तुकाराम वाचतोय की आणखी काही, कळायला मार्ग नाही. पहिले दोन दिवस लोकांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी वांगणीला चढणाऱ्या एका गृहस्थांनी स्पष्ट विचारलं, "काय वाचता हो रोज? लपवून?" मी पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. ते शेअर बाजारावरचं पुस्तक निघालं. त्यांचा संशय दुप्पट झाला. माणूस शेअर बाजाराचं लपून वाचतो म्हणजे याला काहीतरी आतलं कळलेलं असणार. पुढचे दोन महिने ते मला 'कुठला घेऊ?' म्हणून विचारत होते.

आणि पाऊस. या पडद्याला बोटाचा आणि थेंबाचा फरक कळत नाही. जुलैत खिडकी कितीही ओढली तरी दोन बोटं फट राहतेच. एका संध्याकाळी नेरळ ते भिवपुरी रोडच्या दरम्यान पावसाने माझी अकरा पानं वाचली. खुनी कोण हे माझ्या आधी त्याला कळलं.

पावसाळा हा आमच्याकडे सगळ्याच यंत्रांच्या परीक्षेचा काळ. सेटटॉप बॉक्स गरम असतो, म्हणून काळ्या मुंग्या अंडी घेऊन त्यात राहायला जातात. साउंडबारच्या मागे पाल असते. ती बातम्यांच्या वेळी चुकचुकते, त्यामुळे बातम्या खऱ्या वाटतात. डिशचं तर विचारूच नका. त्या लहरींची लांबी इतकी आखूड असते की जोराचा पाऊस त्यांना वाटेतच पिऊन टाकतो. कर्जतला जोराचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर. म्हणजे 'पुढचे तीन तास अतिमुसळधार' हा इशारा बघायला टीव्ही लावावा, तर पडद्यावर सिग्नल नाही. तोच खरा इशारा.

याबाबतीत प्रगती झाली असं मी म्हणणार नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं. आमच्या क्वार्टरमध्ये टीव्ही आला त्यानंतर बारा वर्षांनी. मुंबईकडे माथेरान-प्रबळगडाची रांग आडवी, पुण्याकडे अख्खा सह्याद्री. अण्णा कौलांवर अँटेना फिरवत, मी अंगणात, आई टीव्हीसमोर. "आलं का?" "मुंग्या आल्या!" तेव्हा मुंग्या पडद्यावर यायच्या, आता डब्यात येतात.

कंदिलाचा खरा पेच आला दसऱ्याला. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. अण्णांचा हातोडा, पाना, हिचं शिलाई मशीन, माझी स्कूटर. हल्ली पाचही रिमोट एका ताटात मांडून त्यांना झेंडूचं एकेक फूल. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पुस्तकं पुजायची. तर कंदील कुठे ठेवायचा? अण्णा म्हणाले, ज्याला चार्जर लागतो ते यंत्र. आई म्हणाली, "वाचतो ना त्यावर? मग पुस्तक. त्याला पाय लागला तर तू नमस्कार करतोस की नाही?" मी आठवून पाहिलं. मी नमस्कार करतो. रिमोटला पाय लागला तर करत नाही. (शोधतो.)

सरकारलाही याचा निकाल सरळ लावता आलेला नाही. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर २०१८ साली पाच टक्के ठरला. आणि जे छापलेलंच नाही, नुसतं ई आहे, त्यावर अठरा. म्हणजे सरकारच्या लेखी ते पुस्तकही आहे आणि यंत्रही, आणि दोन्हीचा चंदा द्यायचा. आम्ही तोडगा काढला. कंदील दोन्ही दिवस पुजला. त्यात चार्जिंगच्या भोकात हळद गेली ती काढायला मला सुई आणि अर्धा दिवस लागला.

आता शेजाऱ्यांविषयी. गेल्या काही वर्षांत कर्जत-खालापुरात भाताच्या खाचरांत फार्महाऊसं उगवली आहेत. मुंबईची माणसं शांतता शोधायला येतात. ती मिळाली आहे याची खात्री पटावी म्हणून बरोबर ब्लूटूथ स्पीकर आणतात. आमच्या कुंपणापलीकडेही असंच एक आहे. मालक सज्जन, वर्षातून आठ-दहा दिवस येतात, एरवी राखणदार. एका ३१ डिसेंबरला त्यांच्याकडे पाहुणे आले. आम्ही दहालाच आडवे झालो होतो. अकराच्या सुमारास आमच्या हॉलमध्ये अचानक असा ढोल वाजला की मला वाटलं घाटात मालगाडी घसरली. साउंडबार आपोआप सुरू झाला होता. पलीकडच्या कुणीतरी फोन जोडताना आपला स्पीकर सोडून आमचा निवडला होता. त्यांच्याकडे आवाज येईना, म्हणून ते बिचारे वाढवत होते. जितका त्यांचा धीर सुटत होता तितका आमचा पत्रा हलत होता.

अंधारात अण्णांनी रिमोट हाती घेतले आणि एकेक दाबायला सुरुवात केली. पहिल्याने टीव्ही लागला. दुसऱ्याने त्यावर निळा पडदा आला. तिसऱ्याचे सेल संपलेले. चौथ्याने परदेशी मालिका सुरू झाली. शेवटी त्यांनी पाचवा दाबला, आणि कुंपणापलीकडचे हिरवळीवरचे सगळे रंगीत दिवे विझले.

तिकडे एकच ओरडा झाला. इकडे अण्णा रिमोटकडे बघत म्हणाले, "बघ. सांध्याचाच होता."

पलीकडचा राखणदार दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्याकडे फोन चार्ज करायला यायचा. तेव्हाच केव्हातरी विसरला असणार. परत द्यायला हवा. अजून दिलेला नाही.

लाइट जाणं हा आमच्याकडे स्वतंत्र विषय आहे, कारण त्यात माहेर येतं. ही खोपोलीची. टाटांनी वरच्या तळ्यांचं पाणी नळांतून खोपोलीत उतरवलं आणि १९१५ साली तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. ते नळ हिच्या शाळेच्या वाटेवरून दिसायचे. त्यामुळे त्या विजेबद्दल ही अशी बोलते, जणू लग्नात रुखवतात आली होती. मी कर्जत तालुक्यातला. आमचं भिवपुरीचं वीजघर १९२२ चं. गेल्या जूनमध्ये पहिल्या वाऱ्याबरोबर लाइट गेली. इन्व्हर्टर दोनदा ओरडून थांबला. टीव्ही, साउंडबार, वायफाय, सगळे एकदम गार. हिचा फोन नऊ टक्क्यांवर, माझा चारवर.

"आमच्या खोपोलीने मुंबई उजळली," ही अंधारात म्हणाली.

"सात वर्षांनी आम्हीही उजळली."

"सात वर्षं उशिरा."

"अगं, पण आपल्या घरातली मेणबत्ती कुठे आहे?"

दोन्ही तालुक्यांना ते सांगता आलं नाही. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "जरा हळू भांडा. माझं सदुसष्ट टक्के झालंय." आई कंदील मांडीवर घेऊन वाचत बसली होती. तिच्या तोंडावर मंद पिवळा उजेड. घरभर चालू असलेलं ते एकच यंत्र.

त्या रात्रीपासून कंदील माझा राहिला नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तिने अक्षर इतकं मोठं करून घेतलंय की पानावर नऊ ओळी मावतात. आईची कादंबरी तीन हजार पानांची होते आणि ती आनंदाने वाचते. पान नंबर नाहीत म्हणून ती टक्क्यांत बोलते. "बेचाळीस टक्क्यांपर्यंत नायिका बरी वागते, मग बिघडते." मध्ये मुलाने तिला ऐकायची पुस्तकंही लावून दिली. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं तेच इंग्रजी, हिंदी आणि मराठी घेऊन. पण कुणी वाचून दाखवायला लागलं की आईला झोप लागते. ही सवय पोथीची आहे, त्यात त्या आवाजाचा दोष नाही.

मग शेजारच्या काकूंनी आईकडे ती बिघडलेली नायिका वाचायला मागितली. कंदिलाची अडचण इथे आहे. एक पुस्तक द्यायचं तर अख्खं कपाट उचलून द्यावं लागतं. आईने दिलं. कंदील वीस दिवस काकूंकडे होता. चौथ्या दिवशी माझ्या फोनवर बँकेचा संदेश आला, एकशे एकोणपन्नास रुपये. दोन दिवसांनी नव्व्याण्णव. मग दोनशे पंचवीस. काकूंचं बोट कुठे लागत होतं, ते त्यांना अजून माहीत नाही. त्यांना वाटलं नायिकेची गोष्ट संपली की पुढची आपोआप येते. बोलायचं कसं? मी गप्प बसलो. परत आल्यावर पाहिलं तर तीन भुताच्या कथा आणि एक मधुमेहींचा आहार. आता काकू समोर आल्या की मला त्यांच्याबद्दल फार माहिती असल्यासारखं वाटतं.

२००९ साली ॲमेझॉनने हक्कांच्या भानगडीपायी ऑर्वेलच्या '१९८४' च्या विकलेल्या प्रती वाचकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या होत्या, आणि नंतर माफी मागितली. हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "माफी तरी मागितली. तुझ्या मामाने नेलेला ज्ञानेश्वरीचा गठ्ठा अजून आलेला नाही."

कंदील गेल्यामुळे मी पुन्हा कपाटाकडे वळलो. कपाट चार वर्षं उघडलं नव्हतं. कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या असूनही कसर लागली होती, दोन पुस्तकांना बुरशी. मे महिना होता. गच्चीवर हिच्या कुरडया आणि पापड वाळत होते, त्यांच्या शेजारी मी जुन्या लुगड्यावर पुस्तकं पसरली. दिवसभर कावळे हाकत बसलो आणि पहिली पानं चाळत राहिलो. माझी म्हणून जपलेली एकोणीस पुस्तकं माझी नव्हती. सात वाचनालयाची, शिक्क्यासह. बाकीच्यांवर लोकलमधल्या मित्रांची नावं, काहींवर तारखा, एकावर 'परत करणे' अशी सूचना, जाड पेन्सिलने, दोनदा अधोरेखित.

तर मंडळी, सकाळच्या कर्जत लोकलला, पुढून तिसऱ्या डब्यात १९९० नंतर ज्यांनी ज्यांनी मला पुस्तकं दिली, त्यांनी मृगाच्या आत येऊन ती घेऊन जावीत. वाळवून, झटकून ठेवली आहेत. येताना माझी असतील ती आणावीत. कुंपणापलीकडच्यांनीही यावं, चहा होईल. रिमोटचं मात्र अण्णांना विचारावं लागेल.